हिशेब बाकी आहे

रमजानच्या महिन्यात कॉलेज सुटले की मी आधी माहेरी जाते, खोपटला. एसटी आगाराच्या पलीकडे आमची जुनी चाळ आहे. आई इफ्तारीची तयारी करत असते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, कांदाभजी आणि चण्याची उसळ अशी एक ताटली ती आधी वेगळी भरून ठेवते. ती ताटली दोन खोल्या सोडून टर्नर मामूंकडे पोहोचवणे हे माझे लहानपणापासूनचे काम. तेव्हा मी फ्रॉकमध्ये धावत जायचे, आता गुडघे सांभाळत जाते. ताटली कधीच रिकामी परत येत नाही. मामी त्यात काहीतरी घालतेच, कधी दोन केळी, तर कधी वाटीभर शेवया.

मामूंचे खरे नाव चाळीत फारसे कुणी घेत नाही. ते वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते, म्हणून टर्नर मामू. तो कारखाना बंद पडून वीस वर्षे होत आली, नाव मात्र तसेच राहिले.

मगरिबची अजान राबोडीच्या बाजूने ऐकू येते. रोजा सोडण्याची, म्हणजे उपवास सोडण्याची ही वेळ. अजान सुरू झाली की मामू खजूर तोंडात टाकतात, पाणी पितात आणि बहुतेक दर वर्षी एक गोष्ट सांगतात. दुसऱ्या पाळीला असले की इफ्तारच्या वेळी मशीन चालू असायची. शेजारच्या लेथवर साताऱ्याकडचे एक काका होते, युनियनचे काम बघायचे. ते दहा मिनिटे दोन्ही मशीनवर लक्ष ठेवायचे आणि मामू कोपऱ्यात बसून रोजा सोडायचे. गणपतीत काका गावी गेले की त्यांची पाळी मामू करायचे. याला कुणी काही नाव दिले नव्हते. काम चालू राहिले पाहिजे आणि माणूसही राहिला पाहिजे, एवढेच त्यामागे होते.

यंदाच्या रमजानमध्ये मी लिहिते आहे ते या मामूंबद्दल. खरे तर त्यांच्या निमित्ताने ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या त्या हजारो घरांबद्दल, ज्यांतला कर्ता माणूस एका सकाळी गेटवर गेला आणि त्याला टाळे दिसले.

चौकांना उरलेली नावे

ठाण्यात नवा माणूस आला की त्याला पत्ते सांगताना आपण काय म्हणतो ते बघा. नितीन कंपनीला उतर, गोल्डन डाइजवरून उजवीकडे वळ, मॉडेलाच्या अलीकडे थांब, कामगार हॉस्पिटलच्या पुढे ये. रिक्षावाल्याला हे बरोबर कळते. पण त्या चौकात उतरून कंपनी शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी उड्डाणपूल, मॉल, मोटारींची शोरूम आणि उंच इमारती दिसतील. कारखाना गेला, नाव तेवढे बसथांब्याला राहिले.

हे शहर कारखान्यांवर वाढले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींमध्ये ठाण्याची वागळे इस्टेट होती. मुंबईत जागा अपुरी पडू लागली होती. उद्योगांना पाणी, वीज, रस्ता आणि रेल्वे जवळ हवी होती. ते सगळे इथे होते. पोखरण रस्त्याच्या बाजूला लोकरीच्या कापडाची रेमंड गिरणी तर त्याआधीपासून, १९२५ पासून, त्या नावाने चालत होती. कल्याणच्या पुढे आंबिवलीजवळ मोहने येथे एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, स्वातंत्र्याच्या सुमारास उभी राहिली. शहाडला सेंच्युरी रेयॉन, डोंबिवलीत रसायनांचे कारखाने, कळव्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इंजिनिअरिंगचे कारखाने. साताऱ्याहून, कोकणातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून माणसे आली. किसन नगर, कळवा, राबोडी, मोहने इथे राहिली.

मग उतरण लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावाची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिच्यावर नाटके आणि सिनेमे झाले. ठाण्याच्या पट्ट्यात मात्र एवढा मोठा एकच दिवस नव्हता. इथे कारखाने एकेक करून गेले. कुणी सिल्व्हासाकडे गेले, कारण तिकडे करात सवलत होती. कुणी कायम कामगार कमी करत ठेकेदाराची मुले घेतली. आणि बहुतेकांच्या पायाखालची जमीन त्यांच्या मालापेक्षा महाग झाली. शहरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. अडकलेल्या जमिनी मोकळ्या झाल्या. औद्योगिक पट्ट्याचा निवासी पट्टा करून घेणे हाच मग मोठा उद्योग झाला. यंत्रावर वर्षभर घाम गाळून जे मिळायचे नाही ते जागेच्या एका व्यवहारात मिळू लागले.

२००९ या एकाच वर्षात आपल्या जिल्ह्याने दोन मोठे कारखाने बंद होताना पाहिले. ठाण्यातल्या रेमंडचे उत्पादन थांबले. तिथे कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि लोक पैसे घेऊन बाहेर पडले. त्या जागेवर आज टोलेजंग गृहसंकुले आहेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोहन्याच्या एनआरसीला टाळेबंदी झाली. तिथे चार हजारांहून अधिक कामगार होते. त्यांच्या हातात धनादेश आला नाही, टाळे आले. पुढची वर्षे थकबाकीसाठी मोर्चे, धरणे आणि न्यायालयांच्या तारखांत गेली. कंपनी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेली, जागा अदानी समूहाकडे गेली, आणि वसाहतीतली घरे रिकामी करण्यावरून पुन्हा संघर्ष झाला.

दोन्हीकडे नोकरी गेली. पण ज्याला हिशेब मिळाला त्याचे घर आणि ज्याला मिळाला नाही त्याचे घर, ही पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली. ती वाट कशी वेगळी होते हे मी आमच्या चाळीत पाहिले आहे.

दोन खोल्या

माझे अब्बा एसटीत मेकॅनिक होते. खोपट आगाराच्या वर्कशॉपमध्ये त्यांची अर्धी जिंदगी गेली. मामू आणि अब्बा दोघेही तेलकट कपड्यांत घरी यायचे, दोघांच्याही नखांत काळे असायचे. पगारातही फार फरक नव्हता. उलट ओव्हरटाइम असला की मामूंचे घर आमच्यापेक्षा वरचढ. चाळीतला पहिला रंगीत टीव्ही त्यांच्याकडे आला. दिवाळीचा बोनस मिळाला की मामू सगळ्या मुलांना टेंभी नाक्याजवळ आइस्क्रीम खायला न्यायचे. बोनस दिवाळीत का मिळतो आणि ईदला का नाही, असे मी एकदा विचारले होते. मामू हसून म्हणाले होते, "अरे, पैसा मिलता है ना, त्योहार कोई भी हो!"

२००२ मध्ये अब्बा निवृत्त झाले. काही महिन्यांत भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळाली. त्या पैशात माझे एम.ए. पूर्ण झाले, धाकट्या भावाचे शिक्षण झाले. उर्दू शाळेत शिकलेली मुलगी कॉलेजात मराठी शिकवायला लागली याचे अब्बांना फार कौतुक होते.

मामूंच्या कारखान्यात त्याच सुमारास ओव्हरटाइम बंद झाला. मग कॅन्टीन बंद झाले. कायम कामगार नव्वदच्या आसपास होते, ते वाढत नव्हते. नवे लागतील ते ठेकेदाराकडून. यामागचे कारण मला फार उशिरा कळले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे १०० किंवा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करायचा तर सरकारची आधी परवानगी लागे. शंभराच्या आत राहिले की ती अडचण नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा १०० वरून ३०० वर नेली आहे.

एका रात्री ट्रेलर आले आणि मोठी यंत्रे घेऊन गेले. मामूंची लेथ दुसऱ्या खेपेत गेली. पुढच्या महिन्यात एक कागद फिरला. ठरावीक रक्कम घ्या, राजीनामा द्या, दुसरा कसलाही दावा राहणार नाही यावर सही करा. बहुतेकांनी सही केली. कुणाच्या मुलीचे लग्न होते, कुणाचा खोलीचा हप्ता थकला होता. मामू आणि साताऱ्याचे काका धरून बारा जणांनी सही केली नाही. कागदावरची रक्कम कायद्याने मिळायला हवी त्याच्या निम्मीही नव्हती. २००६ च्या पावसाळ्यात गेटला टाळे लागले.

मामू तेव्हा पन्नाशीच्या आत होते. हे वय विचित्र असते. निवृत्त व्हायला लवकर, नवी नोकरी मिळायला उशीर. सुरुवातीला ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. तीन-चार महिने आम्हाला वाटत होते की दुसरीकडे काम मिळाले. नंतर मामीने आईला सांगितले की ते गेटसमोर झाडाखाली बसतात, तिथेच डबा खातात आणि पाळी सुटायच्या वेळेला घरी येतात. घरात बसलेला बाप मुलांना दिसू नये म्हणून.

मग वागळेतल्या एका गाळ्यात नगावर काम मिळाले. तिथे जुनी लेथ होती, पण तासाला किती नग हा हिशेब तरुण हातांचा होता. नंतर संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे आली आणि तेही संपले. काही रमजान त्यांनी राबोडीत हातगाडीवर खजूर विकले. मामी साड्यांना फॉल-बिडिंग करू लागली, आजही करते. मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, त्याने शिक्षण सोडले. कुरिअर, दुकान, रिक्षा असे करत आज तो मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सले पोहोचवतो. रमजानमध्ये रोजा असताना दुसऱ्यांची बिर्याणी पाठीवर घेऊन फिरतो आणि सिग्नलला अजान ऐकू आली की खिशातला खजूर तोंडात टाकतो.

तो माझ्यापेक्षा हुशार होता. गणित मी त्याच्याकडून समजून घेतले आहे, तोही माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान असताना. दोन खोल्यांमध्ये फरक हुशारीचा नव्हता. एका बापाचा हिशेब वेळेवर मिळाला, दुसऱ्याचा नाही.

पाकीट

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट. जकात म्हणजे काय हे आमच्या बिगरमुस्लिम वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक सोने, चांदी, रोकड किंवा व्यापारी माल वर्षभर राहतो त्याने त्यावर अडीच टक्के रक्कम गरजूंना द्यायची असते. लाखावर अडीच हजार. हे ऐच्छिक दान नाही, फर्ज आहे, म्हणजे कर्तव्य. बहुतेक लोक हा हिशेब रमजानमध्ये करतात.

मी माझ्या दागिन्यांचा हिशेब केला, पाच हजार रुपये पाकिटात घातले आणि इफ्तारीच्या ताटलीखाली ठेवून मामूंकडे नेले. मला वाटले होते की शांतपणे दिले तर ते घेतील. मामूंनी ताटली उचलली, पाकीट पाहिले आणि ते परत माझ्या हातात ठेवले. रागावले नाहीत. म्हणाले, "बेटी, ये किसी और को दे. मेरा हिसाब बाकी है."

मी गप्प झाले. मामीने विषय बदलला. पण घरी जाताना मला नीट कळले की मी चूक केली होती. ज्या माणसाचे कुणीतरी देणे लागते त्याच्यापुढे मी दान ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या हाताने गेले आणि म्हणाले, मामू, कागद दाखवा. त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. कामावर घेतल्याचे पत्र, भविष्य निर्वाह निधीच्या वार्षिक चिठ्ठ्या, राज्य विम्याचे कार्ड, पगाराच्या पावत्या, सगळे तारखेप्रमाणे लावलेले. मायक्रॉनमध्ये काम केलेला माणूस. वरच एक वहीचा कागद होता, त्यावर पेन्सिलीने गणित:

शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता धरून, ५,२०० रुपये. भागिले २६, रोज २०० रुपये. गुणिले १५ दिवस, ३,००० रुपये. गुणिले २७ वर्षे, ८१,००० रुपये.

ही त्यांची ग्रॅच्युइटी. १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कामगाराला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागे, तोही तीस दिवसांच्या आत, उशीर झाला तर व्याजासह. कारखाना बंद झाल्याची नुकसानभरपाई वेगळी, तीही साधारण याच मापाने. मालक तोट्यात आहे म्हणून ग्रॅच्युइटी माफ होत नाही.

आणि बारा जण गप्प बसले नव्हते. साताऱ्याच्या काकांनी सगळ्यांचे अर्ज करवले होते. आठ वर्षे तारखा चालल्या. २०१४ मध्ये निकाल बाराही जणांच्या बाजूने लागला. पैसे आले नाहीत, म्हणून वसुलीचा दाखला निघाला. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी ही रक्कम मालकाकडून वसूल करायची, असा तो कागद. पण तोवर त्या कंपनीचे नाव बदलले होते, जागा दोनदा विकली गेली होती, आणि दाखल्यावरच्या पत्त्यावर आता दुसरीच इमारत होती. नोटीस परत आली. फाइल एका सरकारी दप्तरातून दुसऱ्या दप्तरात गेली आणि तिथे झोपली. दरम्यान बारापैकी चार जण वारले. साताऱ्याचे काका त्यांतले एक. त्यांच्या मुलाने वारसाचा दाखला काढला आहे, आता तो तारखांना येतो.

हक्क हा शब्द

भाषा शिकवणारी बाई असल्यामुळे मला त्या पेटीत आणखी एक गोष्ट दिसली. त्या कागदांवरचे शब्द दोन्ही भाषांचे होते. हजेरी, रजा, हिशेब, बाकी, कायदा, हक्क हे शब्द अरबीतून आले. कारखाना फारसीतून आला. पगार तर पोर्तुगीजांचा. कामगार या शब्दात 'काम' आपले आहे आणि 'गार' फारसीचे. मराठी कामगार आणि उर्दू बोलणारा कामगार भांडायला उभे राहिले तेव्हा त्यांना भाषांतराची गरज पडली नाही.

एका शब्दाने मात्र मला थांबवले. राजीनामा. उर्दूत नोकरी सोडण्याच्या कागदाला इस्तिफा म्हणतात. राजीनामा म्हणजे दोन्ही पक्ष राजी होऊन केलेला समझोता. मराठीत तोच शब्द नोकरी सोडण्याचा झाला. वागळेतल्या त्या कारखान्यात ज्यांनी राजीनाम्यावर सह्या केल्या त्यांच्यातला कितीजण राजी होता, हे त्यांच्या बायकांना विचारावे.

इस्लाममध्ये माणसाच्या जबाबदाऱ्या दोन प्रकारच्या मानतात. एक अल्लाहचा हक्क, नमाज-रोजासारखा. दुसरा बंद्यांचा हक्क, म्हणजे माणसांचे माणसांकडे असलेले येणे. त्याला हुकूकुल इबाद म्हणतात. पहिल्यात कसूर झाली तर अल्लाह माफ करू शकतो. दुसऱ्यात मात्र ज्याचे देणे आहे त्यानेच माफ करावे लागते. मजुराला त्याची मजुरी घाम वाळण्याआधी द्या, ही पैगंबरांची शिकवण मुस्लिम घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. आणि जकातीच्या हिशेबातही रीत अशी की आधी आपल्या डोक्यावरचे देणे वजा करायचे, मग उरेल त्यावर अडीच टक्के. म्हणजे आधी देणे, मग दान. कुणाची मजुरी थकवून मोठ्या इफ्तार पार्ट्या देणारा माणूस दानाच्या पायरीपर्यंत पोहोचलेलाच नसतो.

कुरआनमध्ये अशाही गरजवंतांचा उल्लेख येतो जे कुणापुढे हात पसरत नाहीत, आणि त्यांच्या संकोचामुळे अजाण माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. उर्दूत अशांना सफेदपोश म्हणतात. धुतलेला शर्ट घातलेला, दाढी केलेला, विचारले तर 'ठीक आहे' म्हणणारा माणूस. बंद कारखान्याचा कामगार हा आपल्या शहरातला सफेदपोश आहे. आणि हे फक्त मुसलमानांना लागू नाही. साताऱ्याचे काका वारले त्या आठवड्यात त्यांच्या घरी किती शिधा होता हे चाळीत कुणालाच माहीत नव्हते. दारातले तोरण मात्र ताजे होते.

आपण काय करू शकतो

मामू आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात रात्री वॉचमन असतात. बारा तासांची पाळी. त्यांचे कर्मचारी निवृत्तिवेतन महिन्याला पंधराशेच्या आत आहे. २०१४ पासून या योजनेत किमान रक्कम एक हजार ठेवली आहे, त्याच्या थोडे वर. एवढ्यात मामीची रक्तदाबाची औषधे आणि विजेचे बिल भागते.

सहेरी, म्हणजे पहाटेचे जेवण, ते गेटवरच्या केबिनमध्ये करतात. त्या इमारतीतल्या लोकांना आपला वॉचमन कधीकाळी पंपाचे शाफ्ट केसाच्या जाडीहून बारीक मापात कातायचा हे माहीत नसावे. गेल्या वर्षी इमारतीच्या पाण्याच्या पंपाचा एक भाग अडला, मेकॅनिक येईना. मामूंनी बसल्या जागी दोष सांगितला. सेक्रेटरीसाहेबांनी विचारले, तुम्हाला कसे कळले? मामू म्हणाले, आवाजावरून.

आपल्या इमारतीच्या गेटवर, आपल्या दुकानात, आपल्या गाळ्यात असा कुणी आहे का ते बघावे. ठेकेदार त्याचा भविष्य निर्वाह निधी भरतो का, हे सोसायटीच्या सभेत विचारणे अवघड नाही. बिल आपण देतो, तेव्हा विचारण्याचा हक्कही आपला आहे. घरात काम करणाऱ्या ताईंचा पगार ईद किंवा गुढीपाडव्याच्या आधी देणे ही मेहेरबानी नव्हे.

दुसरे काम शिकलेल्यांचे आहे. बंद कारखान्याच्या कामगाराकडे पैशांइतकीच कमतरता असते ती कागद वाचणाऱ्या माणसाची. नोकरी अलीकडे गेली असेल तर राज्य विमा महामंडळाकडून बेरोजगारी भत्ता मिळू शकतो, पण बऱ्याच जणांना हे नोकरी गेल्यावर वर्षांनी कळते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नावाचे एक अक्षर चुकले म्हणून पैसे अडतात. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा पैसा इतर देणेकऱ्यांच्या वाटणीत जाऊ नये अशी तरतूद २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत आहे. मात्र दावा मुदतीत आणि कागदांसह करावा लागतो. माझे विद्यार्थी प्रकल्प म्हणून सर्वेक्षणे करतात. गेल्या दोन वर्षांपासून मी त्यांना सांगते, एका सर्वेक्षणाऐवजी एका कामगाराची पेटी लावून द्या. तारखेप्रमाणे कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि वर एक पानाची हकीकत. सात पेट्या लावून झाल्या आहेत. त्यांतल्या दोघांचे अडकलेले निधीचे पैसे मिळाले. रक्कम मोठी नव्हती, पण त्यातल्या एका आजोबांनी मुलांना कॉलेजात येऊन पेढे दिले.

मामूंची फाइल मात्र अजून हललेली नाही. आम्ही कंपनीचे नवे नाव आणि संचालकांचे पत्ते शोधून काढले, अर्जाला जोडले. साहेब बदलले, मग निवडणूक आली, मग पुन्हा साहेब बदलले. मामू दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून येतात. रात्रपाळी करून आलेले असतात तरी खुर्चीला टेकत नाहीत. बाहेर पडल्यावर मी चिडते, ते चिडत नाहीत. एकदा मी विचारले, मामू, व्याज धरून जे काही मिळेल त्याचे काय करणार? त्यांनी लगेच उत्तर दिले, म्हणजे त्यांचे ठरलेले होते. आधी चाळीतले जुने उधार, मग मामीचे डोळ्याचे ऑपरेशन, मुलाच्या गाडीचा हप्ता, आणि उरले तर त्या वर्षीची जकात. "देनेवालों में मेरा भी नाम आना चाहिए ना," असे म्हणाले.

परवा इफ्तारला ताटली घेऊन गेले तेव्हा मामू कामावर निघायच्या घाईत होते. खजूर खाल्ला, पाणी प्यायले, नमाज झाली. चहा ओतताना मामीने कॅलेंडर दाखवले. ईदनंतरच्या आठवड्यातल्या मंगळवारी लाल पेनाने गोल केला होता. मामूंनी विचारले, "मंगळवारी कॉलेजला सुट्टी काढता येईल का तुला?"

रजेचा अर्ज मी दिला आहे. झेरॉक्स तयार आहेत.